रंगाआधीचं काम: मोठेपणी पुन्हा मॉडेल किटकडे वळताना

शाळेत असताना विमानांची प्लॅस्टिकची किट जोडलीत, मग शिक्षण, नोकरी, संसार यांत तो नाद मागे पडला आणि आता चाळिशी-पन्नाशीत पुन्हा हात शिवशिवायला लागलेत, अशांसाठी हे लिहिते आहे. अशी माणसं मला बँकेत भेटतात, पालकसभेत भेटतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, ‘एअरब्रश कुठला घेऊ?’ एअरब्रश म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारं हत्यार. मी सांगते, पहिली दोन-तीन किट पुरी होईपर्यंत घेऊच नका. कॉम्प्रेसर, नळी, दर वेळची सफाई, थिनरचा वास हे सांभाळता सांभाळता मूळ काम बाजूला राहतं. मूळ काम रंगाच्या आधीचं आहे: कापणं, जुळवणं, सांधणं, घासणं. मॉडेल तिथेच साधतं किंवा फसतं.

हे मला बाबांनी शिकवलं. ते नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत पेंट शॉपला होते. तो कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला, आणि आमचं सगळं लहानपण टाउनशिपमध्ये मिगच्या आवाजात गेलं. मामा मस्कतहून सुट्टीला आला की एअरफिक्सच्या किटचा एखादा डबा आणायचा. मी जोडायला बसले की बाबा रंगाकडे बघायचेच नाहीत. जोडावरून बोट फिरवायला सांगायचे. ‘डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं,’ म्हणायचे. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ सेवेतून निवृत्त झालं, तेव्हापासून तर किटबद्दल विचारणारे आणखी वाढलेत. बहुतेकांना मिगच करायचं असतं. करा, जरूर करा, पण दुसरं किट म्हणून.

पहिलं किट

मोठेपणी हातात पैसे असतात आणि तिथेच घोटाळा होतो. लहानपणी दुकानाच्या काचेतून बघितलेलं मोठ्ठं बॉम्बर विमान आता परवडतं, म्हणून तेच घरी येतं. दोनशे-तीनशे सुटे भाग, वर पितळी पत्र्याचे नखाएवढे तुकडे. असा डबा अर्धवट राहून माळ्यावर जातो. पहिलं किट पन्नास-साठ भागांचं, एका इंजिनाचं, पंख्याचं विमान असू द्या. एअरफिक्सचं १/७२ स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान किंवा तामियाचं १/७२ झीरो हे जपानी, यांतलं काहीही चालेल. तामियाच्या झीरोचे भाग एकमेकांत इतके नेमके बसतात की जोडताना आपला हात सुधारल्यासारखा वाटतो. स्पिटफायर आपल्यालाही परकं नाही. आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनी दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर ते उडवलं आहे.

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल, एका इंचात सहा फूट. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. मिग-२१चे पंख फक्त ७.१५ मीटरचे, तेव्हा ते १/७२मध्ये दहा सेंटिमीटरच्याही आत बसतं. १/४८मध्ये तेच पंधरा सेंटिमीटर होतं. नजर कमजोर झाली असेल तर १/४८ सोयीचं, पण त्यात कॉकपिटमधले बारकावे वाढतात आणि घरातली जागाही जास्त लागते. आपल्या फ्लॅटमधल्या शोकेसचा विचार करता मी १/७२च्या बाजूची आहे.

डबा घेण्याआधी स्केलमेट्स या संकेतस्थळावर त्या किटचा साचा कुठल्या सालचा आहे ते बघा. वरचं चित्र नवं कोरं आणि आतलं प्लॅस्टिक १९६०-७०च्या साच्यातून काढलेलं, असं या धंद्यात सर्रास चालतं. जुन्या साच्यात फटी मोठ्या, भागांच्या कडांना प्लॅस्टिकचे पापुद्रे, आणि पॅनेलच्या रेषा कोरलेल्या असण्याऐवजी उठावाच्या. घासताना त्या रेषा जातात आणि परत आणणं अवघड. आठवणीपोटी जुना डबा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त सुरुवात त्याने करू नका. आणि परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. खेळण्यांवरचं शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं, आणि मॉडेल किटही त्याच गटात मोडतात. इथल्या दुकानदाराची किंमत जास्त वाटते त्यामागे हेही कारण आहे.

हत्यारं

पैसे दोन गोष्टींवर खर्च करा: निपर आणि गोंद. निपर खास प्लॅस्टिक मॉडेलसाठीचा, पातळ धारेचा, एका बाजूने सपाट असलेला घ्या. इलेक्ट्रिशियनच्या कटरने प्लॅस्टिक चिरडतं आणि तिथे पांढरा डाग पडतो. तो डाग घासून जात नाही.

गोंद म्हणजे तामियाचा एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाची चौकोनी बाटली. झाकणालाच ब्रश असतो. लहानपणच्या ट्यूबमधला तार सुटणारा घट्ट गोंद विसरून जा. हा पाण्यासारखा पातळ, त्यात ब्युटाइल अॅसिटेट आणि अॅसिटोन असतं. तो चिकटवत नाही, दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक किंचित विरघळवून एकजीव करतो. त्यामुळे खिडकी उघडी ठेवून काम करायचं, आणि देव्हाऱ्यातला दिवा किंवा डासांची कॉइल त्याच खोलीत नको. फेविक्विक धातूच्या किंवा रेझिनच्या भागांपुरतं ठेवा. पारदर्शक काचेजवळ तर अजिबात नेऊ नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचेला आपला साधा फेविकॉल उत्तम. वाळला की पारदर्शक होतो आणि चुकून पसरला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

बाकीचं इथेच, स्वस्तात मिळतं. गाड्यांना रंग मारणाऱ्यांच्या दुकानात वॉटर पेपर मिळतात. ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे एकेक ताव आणा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा आणि आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा. टोकदार पात्याचा हॉबी कटर, बारीक टोकाचा चिमटा, कटिंग मॅट, कपड्यांचे चिमटे, रबरबँड, मास्किंग टेप. चाळिशी लागली असेल तर डोक्याला लावायचं भिंग घ्याच. आणि दिवा दोन बाजूंनी हवा. एकाच दिव्याने आपल्याच हाताची सावली कामावर पडते.

जागा कायमची मिळाली तर भाग्य. नाहीतर मोठा स्टीलचा किंवा लाकडी ट्रे घ्या, सगळं काम त्यात, रात्री ट्रे उचलून कपाटावर. ट्रेला उभी कड असली की उडालेला भाग जमिनीवर जात नाही. मी साडीवर मोठा ॲप्रन बांधून त्याची खालची टोकं टेबलाला क्लिप करते. मांडीवरून घरंगळणारं सगळं त्या झोळीत सापडतं.

कापणं आणि कोरडं जुळवणं

डबा उघडल्यावर, सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या चौकटी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवून वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश भागांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही.

भाग कापताना दोनदा कापायचं. आधी भागापासून लांब, चौकटीच्या बाजूने, आणि भाग मोकळा झाल्यावर उरलेला खुंट जवळून. पहिल्याच वेळी जवळून कापलं तर चौकटीचा ताण भागावर येतो आणि लचका तुटतो. खुंटाचा शेवटचा अंश कटरने नाही, ६०० नंबरच्या कागदाने काढा. सगळे भाग एकदम कापून ठेवू नका. चौकटीवर नंबर असतो, सुट्या भागावर नसतो.

मग कोरडं जुळवणं, म्हणजे गोंद न लावता भाग एकमेकांत बसवून बघणं. या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते. धडाचे दोन अर्धे मास्किंग टेपने बांधा, त्यावर पंख लावून बघा, दिव्यासमोर धरा. उजेड कुठून येतोय? आतली एखादी खुंटी आड येतेय का? कॉकपिटचा तळ बसवल्यावर धड बंद होतं का, की पोट फाकतं? अडतंय तिथे आतून अर्धा मिलिमीटर घासलं तर पुढची लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्याची मेहनत वाचते.

कॉकपिट आधी रंगवून मगच धड बंद होतं, त्यामुळे पहिला रंग इथे लागतो. स्पिटफायरला आतून फिकट राखी-हिरवा, सोव्हिएत बनावटीच्या मिगला तो ओळखीचा निळसर-हिरवा. १/७२मध्ये काच बसल्यावर यातलं फार थोडं दिसतं. सीटचे पट्टे आणि समोरचं पॅनेल नीट करा, पायाखालच्या भागावर दिवस घालवू नका.

सांधा

आता जिथे थांबून काम करायचं ती जागा. धडाचे दोन अर्धे हातात घ्या, शेपटीकडून सुरुवात करा. दोन्ही कडा केसभर उघड्या ठेवा आणि गोंदाच्या ब्रशचं टोक त्या फटीला फक्त टेकवा. गोंद स्वतःहून फटीतून पुढे धावताना दिसतो, दोन-तीन सेंटिमीटर तरी जातो. ब्रश ओढायचा नाही. ओढला तर बाहेरचं प्लॅस्टिक विरघळतं आणि ज्या बोटाने धरलंय त्या बोटाचा ठसा कायमचा उठतो. दहा-पंधरा सेकंद थांबा, कडा मऊ होऊ द्या. मग दोन्ही अर्धे हळूच आवळा. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक, चकचकीत कड वर येते, दोऱ्याएवढी. ती आली म्हणजे आत कुठे पोकळी राहिली नाही. तेवढा भाग टेपने बांधा आणि नाकाकडे पुढचे दोन सेंटिमीटर. एका दमात सगळं धड चिकटवायला जाऊ नका.

कड वर आली की पुसायचा मोह होतो. पुसू नका. पूर्ण एक दिवस, जमलं तर दोन दिवस तसंच ठेवा. वरून कोरडं वाटतं, पण आतलं प्लॅस्टिक मऊ असतं. घाईने घासलं तर नंतर ते आकसतं आणि रंगावर सबंध पाठीवर चर उमटते. सुकल्यावर कटरचं पातं आडवं धरून त्याच्या पाठीने ती कड खरवडा, बारीक भुसा निघतो. मग ४००, ६००, १००० या क्रमाने, पाणी लावून, गोलाईवरून फिरवत घासा. एकाच जागी सरळ घासलं तर गोल धड तिथे सपाट होतं. शेवटी डोळे मिटून बोट आडवं फिरवा. सांधा कुठे आहे ते बोटाला सापडता कामा नये. मला या छंदात सगळ्यात समाधान देणारा क्षण हाच वाटतो, रंग लागल्यावरचाही नाही.

कुठे फट राहिलीच तर लांबी भरा. तामियाची पुट्टी चांगली. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टीही चालते, फक्त पातळ थर द्या, कारण वाळताना ती आकसते. पंखाच्या मुळाशी मोठी फट असेल तर एम-सील मळून, बारीक वळी करून दाबा आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करा. ओलं असतानाच आकार दिला की नंतर घासायला फार उरत नाही.

अस्तर, रंग आणि हवामान

अस्तर राखाडी द्या. तामियाचा फाइन सरफेस प्रायमर किंवा मिस्टर सरफेसर १०००, दोन्ही स्प्रेच्या डब्यात येतात. अस्तराचं निम्मं काम रंगाला धरून ठेवणं, आणि निम्मं आपलं काम तपासणं. एकसारख्या राखाडी रंगात प्रत्येक ओरखडा, प्रत्येक राहिलेली फट समोर येते. तेव्हा परत घासा, परत तेवढ्यापुरतं अस्तर मारा. गाड्यांसाठीचे स्वस्त स्प्रे वापरायचे असतील तर आधी रिकाम्या चौकटीवर मारून बघा. काहींतलं द्रावण इतकं कडक असतं की प्लॅस्टिकला भेगा जातात.

आपल्याकडे हवा बघून काम ठरवावं लागतं, हे परदेशातले मार्गदर्शक सांगत नाहीत. नाशिकला आषाढ-श्रावणात मी स्प्रेचा डबा हातात घेत नाही. दमट हवेत स्प्रे मारला की पृष्ठभाग पांढुरका पडतो. मुंबई-कोकणात तर हे महिने जास्तच जपावे लागतात. पावसाळा कापाकापी, सांधे आणि कॉकपिटसाठी ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट, पाण्यातला रंग ब्रशवरच वाळतो. तेव्हा सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा आणि ओली पॅलेट करा: डब्याच्या झाकणात ओला टिश्यू पेपर, वर बटर पेपर, त्यावर रंग. तासभर ओला राहतो. दिवाळी ते होळी हा रंगाचा खरा हंगाम.

ब्रशने रंगवायचं तर वालेहोचे रंग घ्या. तामियाचे ॲक्रिलिक स्प्रेसाठी सुरेख, पण ब्रशने दुसरा हात देताना खालचा पहिला हात उखडतात. चित्रकलेच्या ट्यूबमधले ॲक्रिलिक जाड असतात, कोरलेल्या रेषा बुजवतात. वालेहोचा थेंब पॅलेटवर घेऊन पाण्याने दुधाइतका पातळ करा. पहिला हात अगदी विरळ दिसेल, खालचं राखाडी डोकावेल. दिसू द्या. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. सपाट सिंथेटिक ब्रश, पंखावर पुढून मागे एकाच दिशेने, आणि ओल्या रंगावर ब्रश परत न्यायचा नाही. तीन पातळ हातांनी जे साधतं ते एका जाड हाताने कधीच साधत नाही.

काचेच्या चौकटी रंगवण्यासाठी मास्किंग टेप काचेवर दाबून बसवा, दातकोरणीच्या टोकाने कडेकडेने रेटा म्हणजे चौकटीची रेषा टेपमधून उठून दिसते, आणि नव्या पात्याने त्या रेषेवरून कापा. पातं नवंच हवं. बोथट पातं टेप फाडतं आणि काचेवर ओरखडा उठवतं.

चिन्हं

रंग झाल्यावर चकचकीत क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी वार्निशचा एक हात द्या, मगच डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, डिकॅलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी झाक काही केल्या जात नाही. डिकॅल कापून कोमट पाण्यात दहा सेकंद बुडवा, बाहेर काढून कागदावर ठेवा, मिनिटभराने ती सरकायला लागते. जागेवर मायक्रो सेट या डिकॅल बसवायच्या द्रावणाचा थेंब, त्यावर डिकॅल, ओल्या ब्रशने नेमकी जागा, टिश्यूने हलकं टिपणं. मग वरून मायक्रो सोल, डिकॅल मऊ करणारं द्रावण. तो लावला की डिकॅल सुरकुतते आणि सगळं वाया गेलं असं वाटतं. हात लावू नका. थोड्या वेळात ती स्वतःहून ताणते आणि खालच्या रेषांत उतरते, रंगवल्यासारखी.

आपल्या हवाई दलाची चिन्हं किटमध्ये बऱ्याचदा नसतात, ती वेगळी मागवावी लागतात. लावण्याआधी एक ठरावीक विमान निवडा आणि त्याचेच फोटो समोर ठेवा. बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिग-२१ म्हटलं तरी एफएल वेगळं आणि बिस वेगळं. एफएलची पाठ सडपातळ, बिसच्या पाठीला जाड फुगवटा. १९७१च्या युद्धात ढाक्यात गव्हर्नर हाउसवर हल्ल्याला गेलेली मिग एफएल होती. बिसच्या किटवर त्यांचे नंबर लावले तर जाणत्याच्या लगेच लक्षात येतं, आणि मला स्वतःला ते त्या वैमानिकांवर अन्याय केल्यासारखं वाटतं. दिल्लीला गेलात तर पालमचं हवाई दलाचं संग्रहालय बघा. गोव्याला जाणं होतच असेल, तर बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अगदी जवळून बघता येतात. रंग कुठे उडतो, तेलाचे ओघळ कुठून कुठे जातात, चाकाच्या खळ्या आतून किती मळतात, हे तिथे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. चमक घालवणारा मॅट क्लिअरचा शेवटचा हात दिल्यावर हेच बारकावे कामी येतात.

तयार मॉडेल पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, उन्हाने रंग आणि डिकॅल फिकट पडतात. बंद काचेच्या कपाटात ठेवा आणि धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडा. कापडात ॲंटेना अडकून तुटते.

आणि मग मिग

पहिलं किट पुरं झाल्याशिवाय दुसरा डबा घरात आणायचा नाही, एवढा एकच नियम मी कडक पाळायला सांगते. दुसरं किट मात्र मनासारखं घ्या. मिगसाठी १/७२मध्ये झ्वेझ्दाचं बिस सोपं आणि बेताच्या खर्चाचं. एडुआर्डचं मिग-२१ बारकाव्यांनी भरलेलं, पण त्याचे भाग कितीतरी जास्त, तेव्हा ते तिसऱ्या नंबरला ठेवा.

स्पिटफायरवर शिकलेलं सगळं इथे लागू पडतं, फक्त दोन गोष्टी नव्या आहेत. मिगचं तिसरं चाक शेपटीखाली नाही, नाकाखाली असतं, त्यामुळे नाकात वजन नसेल तर ते शेपटीवर बसतं. मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडून गळाला लावायचे शिशाचे बारीक मणी आणा आणि नाकातल्या शंकूच्या पोकळीत किंवा त्याच्या मागे अॅराल्डाइटने पक्के करा. किती लागतील ते गोंद लावण्याआधीच, धड टेपने बांधून, मुख्य चाकांच्या जागी धडाखाली पेन्सिल आडवी धरून तोलून बघा. दुसरं, नाकाच्या तोंडाची आतली बाजू धड बंद झाल्यावर हाताला येत नाही. आतून रंग, मग हिरवा शंकू, मग वजन, आणि हे सगळं वाळल्यावरच दोन्ही अर्धे जोडायला घ्या.